दूध कशात तापवता?

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी भांडी घासण्याचा मोठा कार्यक्रम असतो. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात, चिंचेचा कोळ आणि राख घेऊन घरातल्या बायका अंगणात बसतात, आणि दुपार होईतो घंगाळ, कळशी, परात, गडवे अशी रांग उन्हात झळाळू लागते. नाशकाच्या तांबट लेनमध्ये ज्याचा जन्म गेला, त्याला ह्या झळाळीचे कौतुक निराळे सांगावयास नको. माझे आजोबा तांबट होते. त्यांना सारी गल्ली अण्णा म्हणे. सकाळी जाग येई ती त्यांच्या हातोडीच्या ठोक्यांनी, आणि रात्री ठोके थांबले म्हणजे कानांना काहीतरी चुकल्यासारखे वाटे.

ह्या रांगेत एक तपेलेही असते. ते आई दुसऱ्या कोणाला घासू देत नाही. स्वतः घासते, पुसते, आणि बाकीची भांडी उन्हात असतानाच ते पुन्हा माळ्यावर ठेवून देते. त्या तपेल्याच्या बुडाला एक भोक आहे. ते अण्णांनी छिन्नीने पाडले. आपल्याच हाताने घडवलेल्या भांड्याला तांबटाने भोक का पाडावे, ती हकीकत आज सांगावयाची आहे. ती आमच्या घरची आहे, तशीच महाराष्ट्रातल्या वैद्यकाच्या इतिहासातलीही आहे. मी शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे गोष्ट रंगवून सांगण्याची खोड अंगात आहे. पण ह्या गोष्टीत रंग भरण्याची गरज पडत नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगा होता. तो मी पाहिलेला नाही. १९७६ साली जन्मला आणि १९७८ साली, दीड वर्षाचा असताना गेला. आई सांगते, वर्षाचा होईपर्यंत गुटगुटीत होता. मग किरकिर सुरू झाली. अन्न नको, खेळ नको, अंगात बारीक ताप, आणि पोट मात्र दिवसेंदिवस नगाऱ्यासारखे. शेजारच्या म्हाताऱ्या बायांनी पोटाला हात लावून पाहिला आणि एकमेकींकडे पाहिले. उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागत होते. 'यकृत वाढले' म्हणजे काय, हे त्या काळी आयांना समजावून सांगावे लागत नसे. दृष्ट काढून झाली, गुटी झाली, देवऋषी झाला. वर्तमानपत्रात ज्यांच्या जाहिराती येत अशा यकृताच्या औषधांच्या बाटल्या झाल्या. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आठ दिवसांनी या. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झाले, तेव्हा कुठे मुंबईस मोठ्या डॉक्टरकडे नेले. तेथे त्यांनी आईवडिलांना समोर बसवून, फार उशीर झाला आहे, असे सौम्यपणे सांगितले. पंधरा दिवसांनी मूल गेले.

पुढे कित्येक वर्षे घरात एकच प्रश्न न बोलता फिरत राहिला, दोष कोणाचा? आजी म्हणे, सूनबाईचे दूध कमी पडले. कोणी म्हणे, तिचे दूधच बाधले. आई काही बोलत नसे. दूध कमी पडे हे खरे होते. म्हणून तर तिसऱ्या महिन्यापासून वरचे दूध सुरू केले होते. नातवासाठी अण्णांनी नवे कोरे तपेले मुद्दाम घडवले होते. छान मठारकाम केलेले, आरशासारखे. त्यातच गाईचे दूध पाणी घालून तापे आणि दिवसभर त्यातच राही.

लोक सिरॉसिसला दारूचा रोग म्हणतात. दारूने तो होतो हे खरेच. पण सिरॉसिस हे एका अवस्थेचे नाव आहे. यकृताच्या पेशी कोणत्याही कारणाने मरत राहिल्या, की त्यांच्या जागी चिवट तंतूंचे जाळे माजते, मऊ यकृत कठीण होते, त्यातून जाणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि पोटात पाणी साठू लागते. कारणे अनेक: दारू, काविळीचे विषाणू, आता चरबी आणि मधुमेहही. पण दुधाशिवाय काही न प्यालेल्या दीड वर्षाच्या बाळाला सिरॉसिस का व्हावा?

हा प्रश्न वैद्यकाला शंभर वर्षे सुटला नव्हता. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी ह्या बालरोगाची प्रथम नोंद केली. पुढे मद्रासपासून पंजाबपर्यंत तो सगळीकडे आढळू लागला आणि डॉक्टरांच्या पुस्तकात त्याला देशाचेच नाव पडले: इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस, भारतीय बालसिरॉसिस. आपल्याकडचे घरगुती नाव बालयकृत. १९५५ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या यकृतरोग उपसमितीने त्यावर अहवाल काढला. रोगाचे वर्णन बारकाईने झाले. कारण मात्र हाती आले नाही.

रोगाच्या खोडी मोठ्या विचित्र होत्या. तो सहा महिन्यांच्या पुढच्या आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना गाठी. मुलींपेक्षा मुलांना अधिक. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडे जात. हिंदू घरांत जास्त, इतरांत कमी. अगदी गरिबाच्या झोपडीत तो फारसा शिरत नसे, मोठ्या शहरातल्या बंगल्यातही नाही. खेड्यातल्या, लहान गावातल्या खात्यापित्या मध्यम घरांवर त्याचा डोळा. डॉक्टरांनी ह्या कोड्याला नाना उत्तरे दिली. आईच्या दुधातले विष, जन्मापूर्वीचा विषाणू, आनुवंशिक दोष, प्रथिनांची उणीव, गुटीतल्या वनस्पती. प्रत्येक उत्तर थोडे चाले आणि पुढे अडखळे.

आज मागे वळून पाहिले म्हणजे वाटते, उत्तर त्या खोडींतच होते. पितळेची चांगली भांडी कोणाच्या घरी असत? खात्यापित्या मध्यम हिंदू घरी. गरिबाकडे मडके, नाहीतर ॲल्युमिनियम. वरचे दूध लवकर आणि भरपूर कोणाला मिळे? मुलग्याला. एका घरची भावंडे कशात वाटेकरी असत? रक्तात, आणि स्वयंपाकघरातल्या तपेल्यातही. पण भांड्याकडे कोणी पाहिले नाही. आणि आपण तरी कसे पाहावे? तांबे म्हणजे पवित्र धातू. देवाची पळीपंचपात्री तांब्याची, गंगेचे पाणी तांब्याच्या गडूत. गोदावरीवर आलेला यात्रेकरू नाशकाहून एखादे भांडे घेतल्यावाचून जात नसे. १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरातही इथल्या तांब्यापितळेच्या कामाची नोंद आहे. आमच्या भांडी बाजाराचे सारे वैभव ह्या धातूवर उभे राहिले.

पहिला धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी ह्या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून पाहिले. यकृतात तांबे साठले असेल तर हा रंग त्याच्याशी जोडलेल्या प्रथिनावर बसतो. ते तुकडे गडद तपकिरी कणांनी भरलेले दिसले. पुढच्याच वर्षी तांबे प्रत्यक्ष मोजले गेले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. ह्या मुलांत ते बहुधा ८०० च्या वर निघे. इतके तांबे त्याआधी विल्सन नावाच्या एका आनुवंशिक रोगात तेवढे ठाऊक होते. पण विल्सनचा रोगी इतक्या कोवळ्या वयात आजारी पडत नाही.

ह्या कामात लंडनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या बरोबरीने पुण्याचे नाव येते. रास्ता पेठेतले के. ई. एम. हॉस्पिटल, आणि तेथले बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे. बालयकृताची मुले आसपासच्या जिल्ह्यांतून त्यांच्याकडे येत. ह्या मंडळींचे मोठेपण मला ज्यात दिसते ती गोष्ट अगदी साधी आहे. त्यांनी आयांना विचारले, बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, आणि ते कशात तापवता, कशात ठेवता? मग आजारी मुलांच्या घरची उत्तरे आणि तशाच निरोगी मुलांच्या घरची उत्तरे शेजारी शेजारी मांडली. आजारी मुलांना जनावराचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले, साठवले जात होते. १९८३ साली हा निष्कर्ष 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. जोड्या लावून केलेली सविस्तर तुलना १९८७ साली प्रसिद्ध झाली.

येथे एक शंका कोणत्याही गृहिणीला येईल. पितळेत आंबट ठेवू नये, ते कळकते, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. ताक कळकले की हिरवट दिसते, तोंडात घेववत नाही, आपण फेकून देतो. दुधाचे तसे नाही, आणि घात झाला तो इथेच. दुधातले केसिन हे प्रथिन तांबे ओढून धरते. दूध पांढरेशुभ्र राहते, चव फारशी बदलत नाही, आणि आई ते विश्वासाने बाळाच्या ओठाला लावते. भांड्याला आतून कल्हई असेल तर मध्ये कथलाचा थर राहतो. पण नवे भांडे कित्येकदा बिनकल्हईचेच वापरात येई, आणि जुन्याची कल्हई चिंच-राखेने घासून घासून निघून जाई. मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्याला ती शक्ती पुरती आलेली नसते, आणि त्याचे सारे अन्न म्हणजे तेच दूध. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे. बारा महिने आईच्या दुधावर वाढलेले मूल आणि तिसऱ्या महिन्यापासून पितळी तपेल्यातले दूध प्यालेले मूल, ह्यांत एवढे अंतर पडले.

माझीच गोष्ट पाहा. भाऊ गेल्यानंतर १९८० साली मी झालो, तो सिन्नर तालुक्यात, आजोळी. आईच्या मनाने घेतले होते की ह्या मुलाला नाशकास न्यायचे नाही. वर्षभर ती माहेरीच राहिली. मी तिच्या अंगावर प्यालो, आणि वरचे दूध लागले तेव्हा ते चुलीवरच्या मडक्यात तापे. मी वाचलो. घरात समजूत झाली की आजोळच्या ग्रामदेवतेचा कौल लागला. देवाला मी नाही म्हणणार नाही. पण त्या मडक्यालाही माझा नमस्कार आहे.

१९८४ साली धाकटी बहीण झाली, तोवर भीती ओसरली होती. ती नाशकातच वाढली. माळ्यावरचे तपेले खाली आले. वर्षाची झाली आणि पुन्हा तीच किरकिर, तेच पोट. मी पाच वर्षांचा होतो. आई मोरीत तोंडात पदर कोंबून रडताना पाहिल्याचे मला पक्के आठवते. पण ह्या वेळी गल्लीजवळच्या एका तरुण डॉक्टरांनी पोटाला हात लावला मात्र आणि चिठ्ठी लिहून दिली. म्हणाले, "इथे औषध देत बसून मी तुमचे दिवस घालवणार नाही. उद्याच पुण्यास जा." त्या एका वाक्याचे ऋण आमच्या घरावर आहे. आपल्याला जे येत नाही ते ओळखून योग्य माणसाकडे वेळेत पाठवणे हीही मोठी विद्या आहे.

पुण्याच्या एका रुग्णालयात आई, वडील आणि अण्णा गेले. तपासणी झाली आणि तेथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला विचारले, "बाई, दूध कशात तापवता?"

आईने सांगितले. बाईंनी तांब्याची सारी हकीकत समजावून दिली. अण्णांचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. म्हणाले, "आमच्या सात पिढ्या पितळेतले दूध पिऊन वाढल्या. मग आम्ही कसे जगलो?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, जी जगली ती तुम्हाला दिसतात. जी गेली ती सांगायला उरली नाहीत."

अण्णा परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आले ते तडक भांडी बाजारात गेले आणि स्टीलचे पातेले घेऊन आले. तांबट लेनमधला जुना कारागीर भर दिवसा स्टीलचे पातेले हातात घेऊन गल्लीतून चालत आला, ह्याचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळणार नाही. स्टीलनेच तर आमचा धंदा बसवला होता. घरी येऊन त्यांनी माळ्यावरचे ते तपेले घेतले, छिन्नी लावली आणि एका घावात बुडाला भोक पाडले. मोडीत का घालत नाही असे वडिलांनी विचारले. "राहू दे," म्हणाले, "पण दूध तापायला नको." मग आईकडे पाहिले. "सूनबाई, तुझ्या दुधाचा काही दोष नव्हता." एवढे एक वाक्य ऐकायला आईला सात वर्षे थांबावे लागले होते.

बहिणीला पेनिसिलामाइन नावाचे औषध सुरू झाले. हे पेनिसिलिनपासून निघालेले द्रव्य. शरीरातले तांबे पकडून लघवीवाटे बाहेर काढते. विल्सनच्या रोगावर त्याचा उपयोग जॉन वॉल्श ह्या इंग्रज डॉक्टराने १९५६ साली दाखवून दिला होता. पुण्याच्या मंडळींनी ते बालयकृतावर पद्धतशीर वापरून पाहिले. कावीळ आणि पाणी होऊन मूल शेवटच्या टप्प्यात आले असेल तर औषधही हात टेके. लवकर आले तर पुष्कळदा वाचे. वाचलेल्या मुलांची कित्येक वर्षांची पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली, आणि तिने जाणत्यांनाही चकित केले. ह्या मुलांचे यकृत हळूहळू निवत गेले होते, काहींचे जवळजवळ पूर्ववत झाले होते. सिरॉसिस म्हणजे परतीची वाट नाही, ही समजूत त्या मुलांपुरती तरी खोटी ठरली.

बहिणीची वाट सोपी नव्हती. अनशापोटी औषध, महिन्याला पुणे, रक्त, लघवी, पोटात सुई घालून यकृताचा तुकडा काढणे. वडिलांनी नोकरीतल्या रजा त्यात घालवल्या, आईने पाटल्या. आज ती चाळिशीत आहे. दोन मुलांची आई. तिच्या यकृतावर जुना व्रण थोडा राहिला आहे, आणि त्याच्याशी तिने संसारासारखेच जमवून घेतले आहे. दर सहा महिन्यांनी यकृततज्ज्ञांकडे जाते, सोनोग्राफी होते. मध्यंतरी दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या नाहीत ना, तेही पाहिले. डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेत नाही. कोणी प्रेमाने यकृताचा काढा आणून दिला, तर कपाळाला लावते आणि बाजूला ठेवते. ती म्हणते, "दादा, आजार लपवला की वाढतो आणि सांगितला की निम्मा होतो. पण सांगायचा तो ज्याला कळते त्याला."

तपेल्यांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पुण्याकडच्या डॉक्टरांनी गावोगाव आयांना सांगितले की बाळाचे दूध पितळेत ठेवू नका, आणि शक्य तितके अंगावरच पाजा. ह्या प्रतिबंधाच्या कामाचा वृत्तांत १९९२ साली छापून आला. शिवाय स्टील घरोघर शिरतच होते. बायकांनी जुनी पितळ मोडीत घालून चकचकीत स्टील घेतले ते सोयीसाठी. त्याने किती बाळे वाचवली, हे त्यांना ठाऊकही नव्हते. शतकभर ज्याने घरे रिकामी केली तो रोग दहा-पंधरा वर्षांत इतका विरळ झाला, की आजच्या तरुण डॉक्टरांपैकी पुष्कळांनी तो पुस्तकातच वाचलेला असतो.

सगळ्याच शास्त्रज्ञांनी हे मान्य केले असे नाही. तांबे हे रोगाचे कारण नसून परिणाम असावा, असे म्हणणारेही जाणकार आहेत. पितळ न वापरणाऱ्या घरांतही तुरळक मुले आजारी पडली, आणि पितळ वापरणाऱ्या सगळ्याच घरांत पडली नाहीत. तेव्हा काही बाळांच्या रक्तातच तांबे न सोसण्याची खोड असावी, असे पुष्कळांना वाटते. पण युरोपातूनही एक साक्ष आली. ऑस्ट्रियाच्या टायरॉल ह्या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ ह्या काळात १३८ बालके अशाच सिरॉसिसने गेली. तेथेही शेतकरी बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात गाईचे दूध पिठाबरोबर शिजवून बाळांना देत. भांडी बदलली, रोग गेला. १९९६ साली हे प्रसिद्ध झाले. 'भारतीय' म्हणून ज्याची बोळवण झाली होती, त्याला हिमाच्छादित आल्प्समध्ये एक भाऊ निघाला. रोगाला देश नसतो. भांडी मात्र असतात.

धनत्रयोदशीला भांडे घेण्याची रीत आहे, ती पाळावी. तांब्यापितळेचेही जरूर घ्यावे. आमच्या गल्लीत अजून काही हातोड्या वाजतात, त्यांची चूल त्यावर पेटते. मोठ्या माणसांचे स्वयंपाकाचे भांडे असेल तर कल्हई करून घ्यावी. तान्ह्याचे दूध मात्र त्यात नको. आणि घरात नवे बाळ आले असेल तर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काविळीची पिवळी झाक दोन आठवड्यांनंतरही टिकली, किंवा शी पांढुरकी होऊ लागली, तर 'उन्हात धरा, जाईल' असे म्हणत बसू नका. पित्ताची वाट जन्मतः बंद असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया जपानच्या डॉ. कासाई यांनी शोधली, पण ती पहिल्या दोन महिन्यांत झाली तरच चांगली साधते. तेही हुकले तर आज यकृतरोपण आहे. १९९८ साली दिल्लीस एका दीड वर्षाच्या बालकावर ते भारतात प्रथम यशस्वी झाले. दीड वर्षाचे बालक म्हटले, की आमच्या आईचे डोळे भरून येतात. तिचा मुलगा तेवढाच होता.

यंदाही भांडी उतरली. मी आईला म्हटले, "ते तपेले एकदा मला घासू दे." तिने माझ्याकडे पाहिले, मग चिंचेचा कोळ पुढे सरकवला. घासता घासता बुडाच्या भोकात माझे बोट गेले. कडा अजून धारदार होती. अण्णांचे मठारकाम मात्र तसेच होते, एकही ठोका वाकडा नाही.